मन जाईल तिथं जाऊ द्या

नागिसा हातात गोळा धरून थांबली, तेव्हा मिठाईच्या दुकानात कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. ती थांबायचीच. पांढऱ्या वालाचं पुरण तळव्यावर गोल फिरवता फिरवता तिची नजर खिडकीबाहेर जायची, बर्फाच्या ओझ्यानं मोडू नयेत म्हणून दोरांनी वर बांधून ठेवलेल्या पाइनच्या फांद्यांवर जराशी टेकायची, आणि तिथून पुढं कुठं जायची ते तिचं तिलाही सांगता येत नसे. हात आपोआप थांबत. पलीकडं तिचा नवरा तेत्सुरो मोठ्या तांब्याच्या कढईत पुरण घोटत असायचा. तो मान वर न करताच म्हणायचा, "गेल्या बाईसाहेब. येताना दूध घेऊन या."

दूध काही ती आणत नसे, पण रिकाम्या हातानंही येत नसे. त्यांच्या धंद्यात मिठाई नुसती चवीवर खपत नाही. तिला नाव लागतं. गिऱ्हाईक आधी नाव विचारतं, मग क्षणभर मिठाईकडं बघत राहतं आणि मग खातं. नागिसा त्या भटकंतीतून नावं घेऊन यायची. पांढऱ्याशुभ्र वडीवर बोटाचे दोन पुसट खळगे, आणि नाव काय, तर 'कुणीतरी येऊन गेलं'. कानाझावा शहरात चहाविधी शिकवणाऱ्या म्हाताऱ्या बाया या एका नावासाठी दर हिवाळ्यात लांबून चालत येत.

त्या दिवशी मात्र तेत्सुरोनं दुधाचं दुसऱ्यांदा म्हटलं तरी ती आली नाही. गोळा खाली पडला. डावा हात झटके देऊ लागला. तेत्सुरो कढई तशीच सोडून धावला. पुरण करपलं. त्या करपल्या वासानंतर त्याच्या तोंडून दुधाची थट्टा पुन्हा कधी निघाली नाही.

तपासणीत गाठ निघाली. मेंदूच्या उजव्या बाजूला, आतल्या अंगाला, जिथं दोन अर्धुकं एकमेकांकडं तोंड करून असतात तिथं. वर्षानुवर्षं मुकाट वाढत आलेली.

"वाईट नाही," डॉक्टर मुरोई संगणकाच्या पडद्याकडं बघत म्हणाले. ते माणसांपेक्षा पडद्याशीच जास्त बोलत. "चांगलीही नाही. अशा गाठी बरीच वर्षं शहाण्यासारख्या वागतात आणि मग एक दिवस वागत नाहीत. काढायची."

"यापूर्वी असं कधी झालं होतं का? मध्येच थांबणं, हाक न ऐकणं?" शेजारच्या तरुण डॉक्टरबाईंनी विचारलं. त्यांचं नाव कुझे.

तेत्सुरोनं बायकोकडं पाहिलं. मग आपल्या हातांकडं. "रोज," तो म्हणाला. "आम्ही हसायचो."

त्या दिवसापासून नागिसाच्या मनात एक काटा रुतला. आपलं हे भटकणं, ही नावं, कपडे वाळत घालताना अंगणाचं तळं होऊन जाणं, हे सगळं आपलं होतं की गाठीचं? ती पाच वर्षांच्या लेकीचे, इतोचे केस विंचरायची आणि मध्येच तिचा हात थांबायचा. आता ती दचकायची. मी थांबले, की गाठीनं थांबवलं?

या रुग्णालयात उपचार आणि संशोधन एकाच छपराखाली चालायचं. कुझे नुकत्याच बाळंतपणाच्या रजेवरून परतल्या होत्या आणि त्यांचं काम नकाशे काढण्याचं होतं. मेंदूच्या कुठल्या जागा एकमेकींशी बोलतात, कुठली जाळी कुठून कुठं गेलीत, गाठीनं त्यांतलं काय तोडलं आणि काय बाजूला सारलं, हे शस्त्रक्रियेआधी पाहून ठेवायचं. त्यासाठी नागिसाला मेंदूची चित्रं घेणाऱ्या यंत्राच्या मोठ्या नळीत झोपवलं गेलं. आत आवाज असा, की कुणीतरी टिनाच्या छपरावर खिळे ठोकतंय. कानातल्या फोनमधून कुझेंचा आवाज आला. ठरलेलं वाक्य त्या वाचून दाखवत होत्या.

"डोळे उघडे ठेवा. समोरच्या फुलीकडं बघा. झोपू नका. काहीही विचार करू नका."

काहीही विचार करू नका! हे वाक्य नागिसाच्या ओळखीचं होतं. तिचे वडील फुकुईकडच्या डोंगरातल्या एका झेन मठाचे पुरोहित. लहानपणी पहाटे ती त्यांच्या शेजारी भिंतीकडं तोंड करून ध्यानाला बसायची. तिचं मन कधी बसलंच नाही. भिंतीवरच्या ओलीच्या डागात तिला बैल दिसे, बैलावर बसून ती समुद्रापर्यंत जाई, आणि तेवढ्यात वडिलांची लाकडी पट्टी खांद्यावर अलगद टेके. "आलीस फिरून? बस आता." ते रागावत नसत, त्याचंच तिला वाईट वाटे.

आता मात्र नीट बसायचं, असं तिनं ठरवलं. डॉक्टरांनी सांगितलंय. एवढी माणसं आपल्यासाठी राबताहेत, आपण निदान एवढं तरी करावं. ती श्वास मोजू लागली. एकापासून दहापर्यंत, आणि पुन्हा एक. इतोचा डबा आठवला, तिनं तो अलगद बाजूला ठेवला. गाठ आठवली, तीही ठेवली. खिळ्यांचा आवाज लांब गेला. फुली नुसती फुली उरली. जन्मात पहिल्यांदा नागिसाला ते जमलं, आणि बाहेर आल्यावर घाम पुसता पुसता तिला वाटलं, बाबांना फोन करून सांगावं.

आठवड्याभरानं मुरोईंनी नकाशा पडद्यावर लावला. करड्या मेंदूवर नारिंगी डाग, जसे गावावरून उडताना दिवे दिसावेत. उजवीकडं मात्र एका पट्ट्यात अंधार होता.

"हे जाळं या बाजूला निकामी झालंय," मुरोई म्हणाले. "गाठीनं आधीच खाल्लंय. म्हणजे मला रान मोकळं. चारी बाजूंनी चांगला काठ धरून सगळी गाठ काढता येईल."

"सगळी?" तेत्सुरो खुर्चीत पुढं सरकला.

"सगळी."

तेत्सुरोनं इतका मोठा श्वास सोडला, की टेबलावरचा कागद हलला. नागिसा पडद्याकडंच बघत होती. "हे जाळं करतं काय?"

मुरोईंनी कुझेंकडं पाहिलं. कुझे म्हणाल्या, "तुम्ही काहीच करत नसता ना, तेव्हा हे जागं होतं. म्हणजे हातात काम नसलं, की मन उठून कुठंतरी जातं बघा. जुनं आठवतं, पुढचं रंगवतं, आपल्याशीच गप्पा मारतं."

"आणि ते... माझं गेलेलं आहे."

"या बाजूचं. तसं दिसतंय."

घरी परतताना बसच्या काचेवर वाफ धरली होती. नागिसानं बोटानं तिच्यात एक रेघ ओढली, रेघेपलीकडं आसानो नदी वाहत होती, नदीत एक बगळा एका पायावर, आणि त्या बगळ्याचा दुसरा पाय कुठल्यातरी दुसऱ्या नदीत होता, उबदार नदीत, तिथं उन्हाळा होता... तेत्सुरोनं दंड हलवला. उतरायचं होतं. ती उतरली, आणि फुटपाथवर उभी राहिली ती राहिलीच. जाळं जर मेलंय, तर आत्ता त्या नदीवर गेलं होतं कोण?

गाठच, असं तिला वाटलं. आणि मग ती निघाल्यावर काहीच उरणार नाही.

पुढच्या तपासणीला ती नेहमीच्या रिवाजानं मिठाईचं खोकं घेऊन गेली. मुरोई शस्त्रक्रियेत होते. कुझे एकट्याच खोलीत नारिंगी डागांपुढं बसल्या होत्या. बाहेर आभाळ गडगडलं. इथं हिवाळ्यातही वीज कडाडते, आणि मग मासेवाले खूश होतात, मोठा मासा किनाऱ्याकडं येतो म्हणून.

"बसा ना," कुझे म्हणाल्या आणि खोकं उघडून पाहताच कुजबुजल्या, "अगंबाई, किती गोड. याचं नाव?"

"नाव नाहीये अजून." नागिसा मांडीवरच्या हातमोज्यांशी चाळा करत राहिली. मग एकदम म्हणाली, "डॉक्टर, एक विचारू? रागावू नका. माझं हे भटकणं गाठीचंच आहे ना? ती गेली की तेही जाणार?"

"भटकणं म्हणजे?"

नागिसानं सांगितलं. बगळा सांगितला, बैल सांगितला. लहानपणीची भिंत सांगितली. कुझे मिठाई हातात तशीच धरून ऐकत होत्या. "पण तुमच्या नकाशात तर काहीच दिसत नाही," त्या म्हणाल्या. "इतकं फिरणारं मन, आणि जाळं इतकं विझलेलं? मी दोनदा तपासलं. मला वाटलं माझंच काही चुकलं."

"चुकलं नाही हो, तुमची चित्रं चांगलीच आली असणार. मी तर जीव ओतून बसले होते. एक विचार आत येऊ दिला नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? तुम्हीच म्हणालात ना, काहीही विचार करू नका."

कुझेंनी मिठाई हळूच खोक्यात परत ठेवली. "तुम्ही... खरंच केला नाहीत?"

"श्वास मोजले. मठातली मुलगी मी, तेवढं तरी यायला हवं! पहिल्यांदाच जमलं बरं का. बाबांना सांगितलं तर विश्वास बसेना त्यांचा." नागिसानं कुझेंचा चेहरा पाहिला. "का? बाकीचे काय करतात?"

"बाकीचे जेवणाचा विचार करतात!" कुझे जवळजवळ ओरडल्या. "सासूचा करतात! घराच्या हप्त्याचा करतात! आम्हाला तेच तर हवं असतं. मन मोकळं सुटलं की कुठलं जाळं पेटतं तेच बघायचं असतं."

"मग तसं सांगायचं ना!"

"इतकी वर्षं हेच वाक्य वाचतोय आम्ही. आजवर कुणी मनावरच घेतलं नव्हतं!"

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या आणि मग अशा हसत सुटल्या, की दारातून एक नर्स डोकावून गेली. हसता हसता कुझेंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिथंच हसू थांबलं. पडद्यावरच्या त्या काळ्या पट्ट्याकडं बोट दाखवून त्या हळूच म्हणाल्या, "नागिसा-सान, मुरोई-सर इथूनच कापत जाणार होते."

दुसऱ्यांदा नळीत झोपल्यावर कानात तोच आवाज आला, पण आता त्या वाचून दाखवत नव्हत्या. "मन जाईल तिथं जाऊ द्या. त्याला कुणी अडवणार नाही."

आधी मन जाईना. लाजलं. इतक्या वर्षांत त्याला असं आग्रहानं कुणी पाठवलं नव्हतं. मग खिळ्यांच्या आवाजात एक ठेका सापडला. कुणीतरी खरंच छप्पर ठोकत होतं, आणि ते छप्पर मठाचं होतं, आणि वडील शिडीवर होते. खाली इतो शिडी धरून उभी. बर्फ पडत होता, पण वरून खाली नव्हे, जमिनीतून वर, सावकाश, जणू आभाळाला आपलं काही परत हवं होतं. नागिसा त्या बर्फाबरोबर वर गेली. ढगाच्या आत एक दुकान होतं. तिथं तिची आई, जी इतो जन्मायच्या आधीच गेली, एकेका मिठाईवर झाकण ठेवत होती. तिनं वर न बघता विचारलं, "थंडी आहे का गं खाली?" "आहे," नागिसा म्हणाली, "पण सोसते."

"झालं," कानात आवाज आला. "नागिसा-सान? झालं बरं का."

मुरोईंनी या वेळचा नकाशा पडद्यावर लावला. काळा पट्टा दिव्यांनी भरला होता. दिव्यांची एक माळ गाठीला वळसा घालून गेली होती आणि मागच्या अंगाला तर थेट गाठीच्या काठात शिरली होती.

"जिवंत आहे," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच खुर्ची फिरवून नागिसाकडं तोंड करून बसले. "आता माझी पंचाईत. पुढचा भाग काढीन. मागचा हा काठ, नखाएवढा जाड, त्याचं काय करायचं? तो काढला तर गाठ पूर्ण जाते, पण ही माळ तुटते. ठेवला तर माळ राहते, आणि गाठीचं बीही राहतं. पुन्हा वाढेल. कधी ते सांगता येत नाही."

"माळ तुटली तर?"

"चालाल, बोलाल, मिठाई कराल. चाचण्यांमध्ये सगळं ठीक येईल." त्यांनी चष्मा काढला. "मनाचं मला माहीत नाही. खोटं कशाला बोलू? नकाशा म्हणजे गाव नव्हे. कदाचित दुसऱ्या वाटा आपोआप तयार होतील. कदाचित नाही होणार."

"सगळं काढा," तेत्सुरो म्हणाला.

घरी त्यावरून भांडण झालं. इतो झोपली होती म्हणून दोघं कुजबुजत भांडत होती, आणि कुजबुजत भांडताना माणूस जास्तच लागट बोलतो.

"नावांसाठी मरायचंय तुला? मी ठेवतो नावं! 'पांढरा गोळा'. 'गुलाबी गोळा'. खपतील!"

"तू समुद्र बघून 'पाणी' म्हणणारा माणूस."

"बरोबरच आहे, पाणीच असतं ते!" त्याचा आवाज चिरकला. तो उठून उगाच किटली विसळू लागला. पाठ वळवूनच म्हणाला, "मी हसत होतो, नागिसा. तुला आत काहीतरी खात होतं आणि मी दूध मागत होतो."

ती उठून त्याच्या पाठीला टेकून उभी राहिली. तिला म्हणायचं होतं, की त्यातलं गाठीचं किती आणि माझं किती, हे मलाही ठाऊक नाही, मग तुला कसं असणार. पण ती एवढंच म्हणाली, "शस्त्रक्रियेत मला जागं ठेवणार आहेत. काठाचं काय करायचं ते मी तिथंच सांगेन."

तेत्सुरोनं किटली पालथी घातली. "मी तर सगळं काढा असंच म्हणणार," तो म्हणाला. "तू काय ते सांग. मी बाहेर बसून रागावेन."

शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाग आली तेव्हा नागिसाचं डोकं एका चौकटीत घट्ट होतं आणि समोर, निळ्या कापडाच्या तंबूत, कुझेंचा टोपीतला चेहरा. दुखत नव्हतं. मेंदूला दुखत नाही म्हणतात, तेव्हा ते किती एकटं असेल, असं तिला वाटून गेलं. कापडामागून मुरोईंचा आवाज आला. पुढचा भाग निघाला होता. हात हलवून झाला, चित्रांची नावं सांगून झाली.

"आता मागच्या काठाशी आलोय," ते म्हणाले. "थोडी वीज लावून ती जागा क्षणभर बंद करून बघतो. तुम्ही बोलत राहा."

"कशावर?"

"कशावरही," कुझे म्हणाल्या. "मनात येईल ते."

नागिसा बोलू लागली. कुझेंच्या टोपीवर छोटी छोटी बदकं छापली होती. ती म्हणाली, ही बदकं कुठंतरी निघालीत, आणि त्यांच्यातलं शेवटचं मुद्दाम मागं राहिलंय, कारण त्याला वाटेत...

आणि काहीच नव्हतं.

बदकं होती. टोपी होती. दिवा होता. सगळं स्वच्छ दिसत होतं, धुतल्यासारखं. वाटेत काय, हा प्रश्न नव्हता. भीती नव्हती, इतो नव्हती, नंतर नव्हतं. लखलखीत, निवांत, काठोकाठ भरलेलं रिकामपण. याच्यासाठी तिचे वडील आयुष्यभर भिंतीपुढं बसले होते, असं तिला वाटलं. पण वाटलं ते नंतर, वीज काढून घेतल्यावर. त्या क्षणी ते वाटून घ्यायलाही तिथं कोणी नव्हतं.

"नागिसा-सान?" कुझेंचा आवाज. "कुठं होतात?"

"कुठंच नाही." तिची जीभ जड होती. "फार छान होतं."

"दुखलं नाही?"

"अजिबात नाही. फार शांत." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहून कानात गेलं, पुसायला हात मोकळा नव्हता. कुझेंनी पुसलं. नळीत पहिल्यांदा झोपली होती तेव्हाचं रिकामपण तिचं होतं. तिनं ते श्वास मोजून, एकेक गोष्ट उचलून बाजूला ठेवून केलं होतं, आणि त्या बाजूला ठेवलेल्या गोष्टी तिची वाट बघत बसल्या होत्या. बाबांचंही तसंच असणार. भिंतीपुढून उठले की ते मठाबाहेर येऊन तिच्यासाठी रताळी भाजत. आत्ताच्या त्या शांततेतून उठून येणारं कुणी नव्हतं.

"पुन्हा एकदा बघतो," मुरोई म्हणाले. "खात्रीसाठी."

पुन्हा बदकं. पुन्हा काहीच नाही. मग परत तो आवाज आणि ते पाणी.

"नागिसा-सान," कापडामागून मुरोईंनी विचारलं, आणि या वेळी ते पडद्याशी बोलत नव्हते, "हा काठ काढला, तर गाठ पूर्ण जाते. काय करू?"

तंबूत यंत्रांची टिकटिक चालू होती. कुझेंनी नागिसाचा हात धरला, पण काही सुचवलं नाही. नागिसा वाट बघत होती. ते रिकामपण सरून पहिलं काय येतंय याची. वर जाणारा बर्फ येईल असं तिला वाटलं. आई येईल, नाहीतर बगळा तरी. त्यातलं काही आलं नाही. आले ते इतोचे ओले मोजे. बालवाडीतून आल्यावर ती ते तसेच घालून फिरते, तेत्सुरोच्या लक्षात येत नाही, आणि मग ते मोजे आपले आपण निघून दारापाशी जातात, एकमेकांना चिकटून बसतात, डावा उजव्याला म्हणतो...

"थांबा," नागिसा म्हणाली. "इथंच थांबा. राहू द्या तो."

"पुन्हा वाढेल," मुरोई म्हणाले. "तेव्हा पुन्हा यावं लागेल."

"येईन."

कसलंतरी हत्यार ताटलीत ठेवल्याचा आवाज आला. "थांबलो," मुरोई म्हणाले. "आता बंद करायला घेतो. वेळ लागेल थोडा. झोप हवीय?"

"नको," नागिसा म्हणाली. तिनं कुझेंकडं बघितलं. "तुम्हाला घाई नसेल, तर मोज्यांचं सांगू?"

"सांगा ना," कुझे म्हणाल्या आणि स्टूल पुढं ओढून बसल्या.